मासळीचें बियाणें

आपल्या धाराशिव जिल्ह्यास समुद्र नाहीं; मग मासेमारीचा विचार शेतकऱ्यांनीं कां करावा, असें कोणी विचारील. परंतु पेरणीपूर्वीं बियाणेंच खाऊन टाकणाऱ्याची पुढें काय गत होते, हें शेतकऱ्याइतकें कोणास ठाऊक?

कोंकण किनाऱ्यावर हेंच घडलें. यांत्रिक नौका वाढल्या, जाळ्यांचीं छिद्रें बारीक झालीं, आणि पापलेटचीं पिल्लें अंडीं घालण्यापूर्वींच सांपडूं लागलीं. मासळी घटली व लहान होडीवाल्या कोळ्यास खर्चहि सुटेना. १९८१ सालीं सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. तरी १३५ मिलिमीटरांहून लहान पापलेट पकडण्यास मनाई होण्यास २०२३ साल उजाडलें. उशिराचें फळ कॅनडांतील न्यूफाउंडलंडनें भोगलें. तेथें कॉड माशाची धंदेवाईक मासेमारी १९९२ सालीं बंद करावी लागली व हजारों लोकांचा रोजगार गेला.

आपल्या तलावांसहि हाच न्याय लागू आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे सांचलेल्या पाण्यांत सहसा वीत नाहींत; म्हणून मत्स्यबीज विकत आणून सोडावें लागतें. तें वाढण्यापूर्वींच उपसलें, तर बीजाचा पैसाहि गेला व उत्पन्नहि. यास्तव गांवच्या तलावाचा ठेका देतांना जाळ्याच्या छिद्राचें माप करारांत लिहून घ्यावें, आणि मगच सही करावी.