क्लचच्या नळीतील हवा

मोटारीचे क्लच-पेडल पायाखाली मऊ लागावे, ते नेहमीपेक्षा खोल दाबल्यावाचून गिअर पडू नये, आणि विशेषतः रिव्हर्स घालताना गिअरपेटीतून करकर ऐकू यावी, अशी लक्षणे एकत्र दिसू लागली, म्हणजे क्लच-प्लेट बदलण्याच्या मोठ्या खर्चात पडण्यापूर्वी तेलाच्या नळीत हवा तर शिरली नाही ना, याचा तपास अवश्य करावा.

ज्या मोटारींत क्लच तारेने न ओढता तेलाच्या दाबाने सोडवला जातो, त्यांत पेडलाशी मास्टर सिलिंडर, गिअरपेटीशी स्लेव्ह सिलिंडर आणि मधल्या नळीत ब्रेकचेच तेल, अशी व्यवस्था असते. बंदिस्त द्रवाच्या एका भागावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्काल याचा सिद्धांत येथे रोजच्या चाकरीला जुंपलेला आहे. द्रव जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र सहज आकसते. म्हणून नळीतील लहानसा बुडबुडाही पेडलाची बरीच चाल स्वतःच गिळतो आणि क्लच अर्धवट सुटतो.

ही हवा घरी काढता येते. मात्र दोन माणसे हवीत. गाडी सपाट जागी लावून चाकांना अटकाव द्यावा, आणि खाली शिरायचे असल्यास ती भक्कम स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर विसंबणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. स्लेव्ह सिलिंडरच्या हवा सोडण्याच्या निपलवर आधी रिंग पाना चढवून मग पारदर्शक नळी बसवावी आणि तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या तेलात बुडवून ठेवावे. वरच्याने पेडल सावकाश दाबून धरले, की खालच्याने निपल किंचित सैल करावा. काळपट तेलाबरोबर बुडबुडे नळीतून धावताना स्पष्ट दिसतात. निपल पुन्हा आवळून खालून ‘सोड’ अशी आज्ञा येईपर्यंत वरच्याने पाय तसूभरही उचलू नये, कारण उघड्या निपलवर पेडल वर आले तर बाहेर गेलेली हवा उलट आत ओढली जाते; या कामाचे सारे यश या एका ताकिदीवर अवलंबून आहे. पेडल तळाशीच राहिले तर घाबरू नये, ते हाताने वर घ्यावे. बुडबुडे थांबेपर्यंत हाच क्रम चालवावा आणि मधूनमधून वरच्या टाकीतील पातळी पाहावी. पुष्कळ गाड्यांत ही टाकी ब्रेकशी सामाईक असल्याने तेथील हयगय ब्रेकलाही भोवू शकते.

तेल टाकीच्या झाकणावर सांगितले असेल तेच, म्हणजे बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सीलबंद डब्यातले घ्यावे. हे तेल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ चा कोरडेपणी किमान २३० अंश सेल्सियस असलेला उत्कलनबिंदू ओलाव्याने १५५ पर्यंत उतरू शकतो. बाहेर काढलेले तेल पुन्हा भरू नये. रंगावर सांडल्यास ताबडतोब पाण्याने धुवावे, नाहीतर रंग उखडतो.

एवढे करूनही काही दिवसांनी पेडल पुन्हा मऊ पडले, तर हवा शिरण्याची वाट शोधलीच पाहिजे. स्लेव्ह सिलिंडरचे धूळरोधक रबर उचलून आत ओल आहे का ते पाहावे, आणि मास्टर सिलिंडरमधून पेडलावरून खाली उतरणाऱ्या तेलाने पायाखालचा गालिचा भिजला आहे का, तेही चाचपावे. तेथे तेल आढळले, तर त्या सिलिंडरचे वॉशर वा तो सिलिंडरच बदलणे प्राप्त आहे. स्लेव्ह सिलिंडर गिअरपेटीच्या आत बसवलेला असेल, तर पेटी उतरवावी लागते, आणि ते काम मिस्त्रीकडेच सोपवावे.