परवलीचा शब्द न सांगता ओळख

दूरच्या संगणकाला परवलीचा शब्द उघडा धाडला, तर वाटेत कोणीही तो टिपून घेऊ शकतो. १९९६ च्या ‘चॅप’ नियमावलीत यावर तोड अशी : पलीकडचा संगणक दर वेळी नवा आकडा पाठवतो. आपला संगणक तो आकडा नि परवलीचा शब्द एकत्र घालून गणित करतो, फक्त उत्तर धाडतो. शब्द पलीकडेही ठाऊक असतोच. तिथलं उत्तर जुळलं की प्रवेश. चिपाडाचा पुन्हा ऊस होत नाही, तसा उत्तरातून शब्द उलटा निघत नाही. कालचं उत्तर चोरलं तरी आज आकडा निराळा.

मात्र शब्द सोपा असला, तर चोर आकडा व उत्तर टिपतो आणि घरबसल्या एकेक शब्द घालून ताडून पाहतो. आपल्या भागात ‘८६०३२’ तर पहिल्या फेरीतच सापडायचा!