कागद कुणाचा, हे विचारायचं राहिलं

लॉजवर उतरलात की ओळखपत्र पाहतात, वहीत नाव लिहून घेतात आणि किल्ली देतात. पण बारा नंबरची किल्ली तेरा नंबरलाही लागली तर? तुम्ही कोण, ही एक चौकशी. ही खोली तुमचीच का, ही दुसरी. संगणकवाले पहिलीला ऑथेंटिकेशन म्हणतात, दुसरीला ऑथरायझेशन. शब्द जुळ्या भावंडांसारखे आहेत. दुसऱ्याची आठवण मात्र पुष्कळदा राहत नाही.

अमेरिकेत घर घेताना मालकीहक्काचा विमा उतरवतात. फर्स्ट अमेरिकन ही त्या धंद्यातली बडी कंपनी. कर्जाची कागदपत्रं, बँक खात्यांचे क्रमांक, सारं तिच्या संगणकात. व्यवहारातल्या लोकांना कागद पाहण्यासाठी लिंक पाठवली जाई आणि त्या लिंकमध्ये कागदाचा नंबर असे. त्यातला एखादा आकडा बदलला की पडद्यावर भलत्याच कुणाचा कागद! पासवर्डसुद्धा लागत नव्हता. मे २०१९मध्ये पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी हे उजेडात आणलं, तेव्हा २००३पासूनचे सुमारे ८८ कोटी ५० लाख दस्तऐवज असे उघडे होते.

असा दोष लवकर ध्यानात येत नाही, कारण काही बिघडतच नाही. कागद मागितला, मिळाला; यंत्राच्या लेखी काम चोख झालं. तपासणाराही बहुधा स्वतःचाच कागद उघडून पाहतो. कित्येक कचेऱ्यांत साहेबांचं बटण कारकुनाच्या पडद्यावर दिसू नये, एवढीच काळजी घेतात. पण त्या बटणामागचा पत्ता कारकुनाने हाताने टाइप केला तर? म्हणून विचारणा सर्व्हरनेच करायला हवी, आणि दर खेपेला.

कंपन्यांचे हिशेब, साठा, पगार सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवणारी जर्मनीची सॅप दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या जाहीर करते. त्या यादीत ‘मिसिंग ऑथरायझेशन चेक’ हे शब्द वारंवार भेटतात. एप्रिल २०२५मध्ये तिच्या नेटवीव्हरमधल्या फाइल चढवण्याच्या एका सोयीत ही विचारणाच नसल्याचं उघड झालं. लॉगिन न करता परका माणूस आपली फाइल चढवून सर्व्हर ताब्यात घेऊ शकत होता. दुरुस्ती येण्याआधीच हल्लेखोर आत शिरले होते.

फर्स्ट अमेरिकनचं प्रकरण मला अधिक खुपतं. तिथल्या सुरक्षा-चाचणीत हा दोष डिसेंबर २०१८मध्येच सापडला होता. वरिष्ठांना त्याचा पत्ता नव्हता. दार बंद झालं ते क्रेब्स यांनी कंपनीला कळवल्यावर. न्यूयॉर्कच्या वित्तीय सेवा विभागाने २०२३मध्ये कंपनीकडून १० लाख डॉलर दंड घेतला.