ड्रेसाजसाठी घोडा घेताय? आधी त्याची साधी चाल बघा

लोअर परळच्या टॉवरमधून दिसणाऱ्या महालक्ष्मी रेसकोर्सवर फक्त शर्यती होत नाहीत, तिथे घोडेस्वारीही शिकवली जाते. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताने सांघिक ड्रेसाजचं सुवर्ण जिंकलं, त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. ड्रेसाजमध्ये गुण मिळतात ते अचूक, लयदार चालीला, वेगाला नाही.

मग घोडा कोणता घ्यायचा?

शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड परदेशी वॉर्मब्लडपेक्षा बराच स्वस्त पडतो. पण पुढच्या पायांचे टेंडन आधी तपासा, शर्यतीत मार तिथेच बसतो. अमेरिकेत गुरं वळायला वापरतात तो 'स्टॉक' बांध्याचा क्वार्टर हॉर्स शांत असतो. मात्र त्याचा पुठ्ठा अनेकदा खांद्यापेक्षा उंच असतो. असा घोडा वजन मागच्या पायांवर घ्यायला कष्टतो आणि ड्रेसाजचा पाया तोच आहे.

सारंगखेड्याच्या बाजारात रेवाल चालीला भाव मिळतो, कारण स्वाराला धक्का बसत नाही. गंमत म्हणजे ड्रेसाजमध्ये हीच चाल दोष ठरते. इथे साधी चाल चार ठोक्यांची, दुडकी दोन आणि कँटर तीन ठोक्यांचा लागतो.

विकणारा झोकदार दुडकी दाखवेल. तिच्यावर भाळू नका, दुडकी सरावाने सुधारते. साधी चाल आणि कँटर मुळात चांगले हवेत. स्वतः बसून बघा, व्यवहाराआधी पशुवैद्यकाकडून तपासणी करा. तो पशुवैद्यक तुम्ही निवडलेला हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.