एक उतार, चार नावे

आमच्या शाळेत येण्यापूर्वी गोल्फ हा खेळ मी फक्त दूरदर्शनवर पाहिला होता. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात चेंडू म्हणजे क्रिकेटचा, आणि मैदान म्हणजे सुगीनंतर मोकळे झालेले शेत. इथे डोंगरात आल्यावर आठवीत असताना शेजारच्या छावणीतल्या नऊ होलच्या मैदानावर पहिल्यांदा क्लब हातात घेतला. सपाट जागेवरून दहा चेंडू मारले, त्यातले सहा बरे गेले. उस्ताद म्हणाले, "शाबास. आता चला उतारावर." तिथे दहापैकी एकही धड गेला नाही. त्या दिवसापासून उतार हा माझा खरा गुरू आहे. नव्याने खेळू लागलेल्या मित्रांसाठी त्याविषयी चार शब्द लिहितो.

चेंडू जिथे आणि जसा विसावतो, त्या स्थितीला गोल्फमध्ये 'लाय' म्हणतात. डोंगरातल्या मैदानावर, मग ते गुलमर्ग असो, शिलाँग असो की शिमल्याजवळचे नालदेहरा, चेंडू दर वेळी सपाट जागी थांबत नाही. उतारावरच्या लायचे चार प्रकार आहेत : अपहिल, डाउनहिल, चेंडू पायांच्या वर आणि चेंडू पायांच्या खाली. पुढचे सगळे उजव्या हाताच्या खेळाडूसाठी लिहिले आहे. डावखुऱ्यांनी डावे-उजवे बदलून वाचावे.

पहिला प्रकार अपहिल. ज्या दिशेला मारायचे ती बाजू चढाची असते, म्हणून डावा पाय वर आणि उजवा खाली. क्लबच्या तोंडाला मागे जो कल दिलेला असतो, त्याला लॉफ्ट म्हणतात. चढ हा कल वाढवतो. समजा, ७ नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट ३४ अंश आहे आणि चढ ४ अंशांचा आहे. खांदे चढाला समांतर ठेवून मारले तर चेंडू ३८ अंशांच्या, म्हणजे साधारण ८ नंबरच्या क्लबने मारल्यासारखा उंच जातो आणि अलीकडेच पडतो. म्हणून चढावर ७ ऐवजी ६ नंबर घ्यावा. चेंडू थोडा डावीकडेही ओढला जातो, तेव्हा नेम किंचित उजवीकडे धरावा.

दुसरा डाउनहिल. याचेच जुने नाव 'हँगिंग लाय', म्हणजे लोंबकळता चेंडू. इथे गणित उलटे. ३४ अंशांचे ३० होतात, चेंडू खालून जातो, पडल्यावर खूप पळतो आणि उजवीकडे झुकतो. म्हणून ८ नंबर घ्यावा, चेंडू उजव्या पायाकडे थोडा सरकेल असे उभे राहावे आणि फटका मारताना क्लब उताराच्या मागोमाग खाली जाऊ द्यावा. नवशिक्याला इथे चेंडू वर उचलण्याचा मोह होतो. मग क्लब आधी जमिनीत तरी रुततो, नाहीतर चेंडूच्या डोक्यावर तरी बसतो. चेंडू उचलणे हे लॉफ्टचे काम आहे, आपले नाही.

तिसरा, चेंडू पायांच्या वर. शेतात उभे राहून बांधावरचा चेंडू मारायचा आहे असे समजा. चेंडू जवळ आलेला असतो, म्हणून क्लब थोडा खाली धरावा आणि जास्त ताठ उभे राहावे. क्लब आपोआप आडवा फिरतो, क्रिकेटमधल्या पुलच्या फटक्यासारखा. चेंडू डावीकडे जातो. कारण क्लबचे पुढचे टोक वर उचलले गेले की त्याचे मागे कललेले तोंड डावीकडे पाहू लागते. लॉफ्ट जितका जास्त, तितके हे वळण जास्त. उपाय एकच, नेम उजवीकडे.

चौथा, चेंडू पायांच्या खाली. मला चौघांत हाच अवघड वाटतो. आता आपण बांधावर आणि चेंडू खाली शेतात. क्लब अगदी वरच्या टोकाला धरावा, गुडघे वाकवावेत आणि फटका संपेपर्यंत वाकलेलेच ठेवावेत. मध्येच शरीर वर उठले की चेंडू निसटलाच. हा चेंडू उजवीकडे जातो, म्हणून नेम डावीकडे.

आता गंमत पाहा. उतार तोच, चेंडू तिथेच, तरी नाव बदलू शकते. समजा, जमीन उत्तरेकडे चढते आहे आणि ग्रीन पश्चिमेला आहे. उजव्या हाताचा खेळाडू उत्तरेकडे तोंड करून उभा राहील, म्हणजे त्याच्यासाठी चेंडू पायांच्या वर. डावखुरा दक्षिणेकडे तोंड करील, त्याच्यासाठी तोच चेंडू पायांच्या खाली. ग्रीन उत्तरेला असेल तर दोघांनाही अपहिल. म्हणजे हे नाव जमिनीचे नाही. आपण कुठे उभे आहोत आणि कुठे जायचे आहे, यावरून ते ठरते.

उतारावर आणखी एक संकट असते : चेंडू हलतो. वाऱ्याने किंवा उताराने हलला तर दंड नाही, नव्या जागेवरून खेळायचे. पण आपल्यामुळे हलला तर एक फटका दंड, आणि चेंडू मूळ जागी ठेवायचा. तो कशाने हलला हे बहुतेक वेळा फक्त खेळणाऱ्यालाच माहीत असते.

गेल्या वर्षी संघनिवडीच्या फेरीत माझा चेंडू असाच पायांच्या खाली होता. क्लब गवताला टेकला आणि चेंडू अर्धा इंच सरकला. जोडीदार दूर होता. मी तसाच खेळलो आणि कार्डावर सहाऐवजी पाच लिहिले. संघात माझे नाव आले.

त्याच आठवड्यात वाचनालयात बॉबी जोन्सविषयी वाचले. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये अकराव्या होलजवळच्या चढावर, गवतात त्याचा चेंडू जरासा हलला. कोणी पाहिले नव्हते. त्याने स्वतःहून एक फटका दंड लावून घेतला. शेवटी विली मॅक्फार्लेनशी बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत तो एका फटक्याने हरला. तो दंड लावून घेतला नसता, तर बरोबरी झालीच नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीटीनंतर मी उस्तादांना सगळे सांगितले. त्यांनी यादी काढली, माझ्या नावावर रेघ मारली आणि खाली दुसरे नाव लिहिले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गेंद जहाँ, खेल वहाँ. कल से फिर उतार पर."

यंदा मी संघात आहे. पायांच्या खालचा चेंडू अजून नीट जमत नाही. रोज संध्याकाळी वीस चेंडू मारतो. हलला, तर मोजतो.