ढेकळांत विमान उतरवायचं म्हणजे काय? शिकाऊ वैमानिकांचा एक अवघड धडा

बेळगाव : सांबरा विमानतळाच्या आसपासच्या गावांना आता लहान विमानांची घरघर सवयीची झाली आहे. वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये निवडलेल्या ठिकाणांत बेळगावही होतं. मे २०२३ च्या अखेरीस असंच एक शिकाऊ विमान तांत्रिक बिघाडामुळे होनिहाळजवळ शेतवडीत उतरवावं लागलं. आतले दोघे बचावले. धावपट्टी सोडून मातीत विमान कसं उतरवतात, हा प्रश्न तेव्हापासून इथल्या लोकांसाठी पुस्तकी राहिलेला नाही.

लहान विमानांच्या प्रशिक्षणात यासाठी ‘सॉफ्ट फील्ड लँडिंग’ नावाचा वेगळा धडा असतो. गवत, वाळू, ओली माती अशा मऊ जमिनीवर उतरण्याचा. त्याचं सगळं मर्म पुढच्या चाकात आहे. सेसना १७२ सारख्या विमानाला तीन चाकं असतात. मागची दोन दणकट, धक्का सोसणारी. पुढचं मात्र नाजूक आणि इंजिनच्या मागच्या पत्र्याच्या भिंतीला जोडलेलं. चिखलात दुचाकीचा पुढचा ब्रेक दाबला की काय होतं, हे वेगळं सांगायला नको. विमानाचं पुढचं चाक वेगात असताना मातीत रुतलं तर ते मोडतं, पंखा जमिनीला लागतो, आणि नशीब फारच वाईट असेल तर विमान पालथं होतं.

म्हणून शिकवण एकच : पुढच्या चाकावर वजन येऊ द्यायचं नाही. फ्लॅप पूर्ण खाली, वेग शक्य तितका कमी. जमिनीपासून पंखांच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर (सेसनाचे पंख ११ मीटर) विमानाला हवेचा जादा आधार मिळतो. त्या आधारावर, इंजिनला थोडीशी पॉवर ठेवून, नाक वर धरून विमान तरंगत न्यायचं आणि मागची चाकं अलगद टेकवायची. ही थोडी पॉवर महत्त्वाची. पंख्याचा वारा शेपटीवर येतो, शेपटीवरचा एलिव्हेटर काम करतो आणि नाक वर राहतं. चाकं टेकताक्षणी थ्रॉटल झटकन बंद केला तर नाक धपकन खाली येतं.

शिकणाऱ्यांची खरी चूक मात्र टेकल्यानंतर होते. चाकं लागली की ‘झालं एकदाचं’ म्हणून हात सैल पडतो. इथे उलट, वेग कमी होईल तसा कंट्रोल आणखी मागे ओढत जायचा असतो. ब्रेक नाही. मध्येच थांबायचंही नाही, कारण रुतलेलं विमान पुन्हा हलवायचं म्हणजे भरपूर पॉवर द्यावी लागते आणि पंख्यात दगडमाती येते. आखूड धावपट्टीवरचं लँडिंग याच्या नेमकं उलट : तिथे ठाम टेकायचं आणि ब्रेक लावायचा. विद्यार्थी हे दोन धडे हमखास एकमेकांत मिसळतात.

अडचण अशी की हा सराव बहुतेक वेळा पक्क्या धावपट्टीवरच होतो. अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या परीक्षेत हे लँडिंग असतं, पण तेही डांबरी पट्टीवर करून दाखवलेलं चालतं. सांबऱ्यासारखी दोन किलोमीटरहून लांब पट्टी चुका पोटात घालते. नाक लवकर पडलं तरी काही मोडत नाही, विद्यार्थ्याला वाटतं जमलं. त्यामुळे चांगला प्रशिक्षक लँडिंग किती मऊ झालं हे पाहत नाही. पुढचं चाक किती वेळ वर राहिलं ते पाहतो. त्यासाठी आधी नुसतं मीटरभर उंचीवरून, चाकं न टेकवता, पट्टीवरून विमान नेण्याचा सराव घेतात. कंटाळवाणा वाटतो, पण हाताला अंदाज त्यातूनच येतो.

इंजिन बंद पडलं तर? मग ती थोडी पॉवर नसतेच, म्हणजे अर्धा धडा गळाला. नाक धरून ठेवायला फक्त वाऱ्याचा जोर उरतो, तो झपाट्याने ओसरतो. अशा वेळी शेताची निवड आणि वेग यावरच सगळं ठरतं. शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर, सरींच्या दिशेने उतरायचं. सरी आडव्या आल्या तर प्रत्येक वरंबा चाकाला अडवतो. विजेच्या तारा आणि उभा ऊस टाळायचा. ताशी ११० ऐवजी ९० किलोमीटरने टेकलं तर धक्क्यातली ऊर्जा जवळपास एक तृतीयांशाने घटते. टेकण्याआधी इंधन बंद, विजेचा मुख्य स्विच बंद आणि दाराची कडी उघडी. सांगाडा वाकला तर दार अडकू नये म्हणून.

शेतात असं विमान दिसलं की गर्दी धावते, ते साहजिक आहे. पण सेसनाच्या पंखांत दोनशे लिटरच्या आसपास पेट्रोल मावतं. जवळ विडी-सिगारेट नको, आणि थांबलेल्या पंख्यालाही हात लावू नये. तो अचानक फिरू शकतो.