थर्ड पार्टी विमा : सातशे रुपयांचा हप्ता, चाळीस लाखांची जोखीम

वाहनाच्या कागदपत्रांत विमा पॉलिसीचे स्थान बहुतेक वाहनधारकांच्या लेखी पीयूसी प्रमाणपत्राच्या शेजारचे असते. चौकात वाहतूक पोलिसाने अडवले तर दाखवायचा आणखी एक कागद, एवढीच त्याची ओळख. नवी गाडी घेताना शोरूममध्येच विमा उतरवला जातो, त्यामुळे पहिली काही वर्षे प्रश्न येत नाही. पुढे गाडी जुनी होते, तिची बाजारातील किंमत वीस-पंचवीस हजारांवर येते आणि ‘आता या खटाऱ्याचा विमा कशाला?’ असा विचार बळावतो. विमा हा गाडीच्या किमतीचा असतो, हा या विचारामागचा समज आहे. कायद्याने सक्तीचा केलेला विमा मात्र गाडीचा नसतोच. त्या गाडीखाली सापडणाऱ्या माणसासाठी तो असतो.

विम्याच्या करारात पहिला पक्ष वाहनमालक आणि दुसरा पक्ष विमा कंपनी. रस्त्यावरचे बाकी सारे, म्हणजे पादचारी, सायकलस्वार, समोरून येणारा दुचाकीस्वार, फुटपाथवरचा फेरीवाला, हे तिसऱ्या पक्षात मोडतात. अपघातात त्यांचा मृत्यू झाला, त्यांना इजा झाली किंवा त्यांच्या मालमत्तेची हानी झाली, तर भरपाईची जबाबदारी कायद्याने वाहनमालकावर येते. थर्ड पार्टी विमा असेल तर मालकाच्या वतीने ही रक्कम विमा कंपनी भरते. धडक देणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीची दुरुस्ती, तिची चोरी, पुरात झालेले नुकसान यांचा या विम्याशी संबंध नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ किंवा सर्वसमावेशक पॉलिसी असते. ती घेणे न घेणे मालकाच्या मर्जीवर आहे.

या सक्तीचा उगम ब्रिटनमध्ये आहे. मोटारी वाढल्या तसे अपघात वाढले आणि न्यायालयाने भरपाई देण्याचा निकाल दिला तरी दोषी चालकाच्या खिशात ती देण्याइतके पैसेच नसतात, हे तेथे लक्षात आले. म्हणून १९३० च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टने विमा अनिवार्य केला. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तीच तरतूद आली आणि विम्यासंबंधीचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. सध्याच्या १९८८ च्या कायद्यातील कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी असा विमा नसलेले वाहन वापरणे किंवा दुसऱ्याला वापरू देणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा गुन्हा केल्यास दंड ४,००० रुपये अशी शिक्षा आहे.

दंडाचा हा आकडा फार मोठा नाही आणि कदाचित म्हणूनच तो फारसा कोणाला घाबरवत नाही. खरी जोखीम दुसरीकडे आहे.

चाळीस लाख कसे होतात?

भरपाई किती द्यायची हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते. त्यासाठीचे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी प्रकरणात घालून दिले आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. महिन्याला २०,००० रुपये कमावणारा, स्वतःचा छोटा व्यवसाय असणारा ३४ वर्षांचा गृहस्थ स्कूटरच्या धडकेने मरण पावला. घरी पत्नी, दोन मुले आणि आई असे चौघे त्याच्यावर अवलंबून. त्याचे वार्षिक उत्पन्न झाले २,४०,००० रुपये. पुढे उत्पन्न वाढले असते हे गृहीत धरून, चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारित व्यक्तीसाठी त्यात ४० टक्के मिळवले जातात. रक्कम होते ३,३६,०००. चौघे अवलंबून असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा केले की उरतात २,५२,०००. ३१ ते ३५ या वयोगटासाठी गुणक १६ आहे. त्याने गुणल्यावर आकडा येतो ४०,३२,००० रुपये. अंत्यविधीचा खर्च, कुटुंबीय सहवासाला मुकल्याबद्दलची रक्कम आणि व्याज ही त्यावर वेगळी.

आता हप्त्याकडे पाहू. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वार्षिक थर्ड पार्टी हप्ता, कर वगळून, ७१४ रुपये ठरला. १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी तो २,०९४ रुपये, तर १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये होता. मृत्यू किंवा शारीरिक इजेच्या बाबतीत विमा कंपनीच्या जबाबदारीला कमाल मर्यादा नाही. न्यायाधिकरण जी रक्कम ठरवेल ती तिने भरायची. (मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा असते : प्रचलित पॉलिसीत मोटारीसाठी साडेसात लाख आणि दुचाकीसाठी एक लाख रुपये.) ही जबाबदारी दहा लाखांवर रोखण्याचा प्रस्ताव २०१६ च्या दुरुस्ती विधेयकात होता. अखेर मंजूर झालेल्या कायद्यातून ती मर्यादा वगळण्यात आली, हे अपघातग्रस्तांच्या दृष्टीने चांगलेच झाले.

विमा नसेल, तर हेच चाळीस लाख स्कूटरच्या मालकाने द्यायचे. गाडी वीस हजारांची होती, हा बचाव चालत नाही. वसुलीसाठी त्याच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. मालक भाड्याच्या खोलीत राहणारा, हातावर पोट असणारा असेल तर जप्त करायलाही काही नसते. मग निकालाचा कागद घेऊन मृताची पत्नी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत राहते. येथे एक विसंगती नोंदवायला हवी. धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर ‘हिट अँड रन’ योजनेतून १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. त्यापूर्वी ही रक्कम अनुक्रमे २५ हजार आणि साडेबारा हजार होती. वाहन सापडले, मालकही सापडला, पण विमा नाही, अशा प्रकरणात मात्र हे दोन लाखही नाहीत.

आणि ही प्रकरणे अपवादात्मक म्हणता येत नाहीत. देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावत असल्याचे विमा क्षेत्राच्या माहितीवरून वारंवार पुढे आले आहे आणि त्यांत दुचाकींचा वाटा सर्वांत मोठा आहे. २०२३ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्या आकड्याशेजारी हे प्रमाण ठेवून पाहावे.

मागे बसलेल्याचे काय?

केवळ थर्ड पार्टी पॉलिसी घेणाऱ्यांपैकी किती जणांना ही गोष्ट ठाऊक असते, याबद्दल शंकाच आहे. दुचाकीवर मागे बसलेली पत्नी किंवा मोटारीत शेजारी बसलेला मित्र, त्यांच्याकडून भाडे घेतलेले नसेल, तर या किमान पॉलिसीत ‘तिसरा पक्ष’ ठरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये टिळक सिंह प्रकरणात दुचाकीवरील सहप्रवाशाबाबत असा निर्वाळा दिला आहे. सर्वसमावेशक पॉलिसीत मात्र हे सहप्रवासी संरक्षित असतात, असे विमा नियामकाने २००९ मध्ये स्पष्ट केले आणि २०१२ च्या बालकृष्णन प्रकरणात न्यायालयानेही हाच फरक अधोरेखित केला. म्हणजे मुलाला मागे बसवून रोज शाळेत सोडणाऱ्या पालकाने हप्त्यातले थोडे पैसे वाचवताना नेमके काय वगळले, हे पॉलिसी उघडून पाहिले पाहिजे. मालवाहू टेम्पोत लग्नाचे वऱ्हाड भरून नेण्याची आपल्याकडची रीतही याच मुद्द्यावर अंगलट येते. मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे २००२ च्या आशा राणी प्रकरणापासून पक्के झाले आहे.

स्वतः चालकमालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण सक्तीचे आहे. ते थर्ड पार्टी विम्यासोबत घेता येते किंवा स्वतंत्रपणेही.

विमा आहे म्हणजे मालक पूर्णपणे सुटला, असेही नाही. चालकाकडे वैध परवाना नसेल आणि ते ठाऊक असूनही मालकाने चावी हाती दिली असेल, तर पॉलिसीच्या अटींचा भंग होतो. अपघातग्रस्ताला मात्र त्याची झळ बसू नये, म्हणून न्यायालये विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि नंतर ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. २००४ च्या स्वर्णसिंह प्रकरणातील निकाल या बाबतीत मार्गदर्शक ठरला. दहावी-बारावीतल्या मुलाला क्लासला जायला स्कूटर देणाऱ्या पालकांनी हे नीट समजून घ्यावे. भरपाईची वसुली आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेली, पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड ही शिक्षा, दोन्ही त्यांच्याच दारी येतात.

गाडी विकली, पैसे घेतले, पण आरटीओत नाव बदलले नाही, हाही असाच नेहमीचा घोळ. २०१८ च्या नवीन कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी पुढे तीन हातांत गेली असली तरी भरपाईचा आदेश नोंदणीकृत मालकावरच निघतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ते एजंटाच्या हवाली करणे पुरेसे नाही. हस्तांतर प्रत्यक्ष झाले की नाही हे पाहणे विकणाऱ्याच्या हिताचे आहे. खरेदीदाराने विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवायचे असते.

बनावट पॉलिसींचा धंदाही जोरात आहे. थर्ड पार्टीचे दर सरकारने ठरवलेले असल्याने ते सर्व कंपन्यांना सारखेच असतात. तेव्हा कोणी निम्म्या पैशांत थर्ड पार्टी विमा काढून देत असेल, तर तेवढ्यावरूनच संशय यावा. वाहनाचा क्रमांक टाकून विम्याची नोंद एमपरिवहन अ‍ॅपवर पाहता येते.

दावा कोठे, कधी?

अपघात झाला त्याच जिल्ह्यात दावा दाखल केला पाहिजे, असे बंधन नाही. मुंबई-गोवा महामार्गावर रायगड जिल्ह्यात अपघात झाला तरी ठाण्यात राहणाऱ्या कुटुंबाला ठाण्याच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते. मुदत मात्र कडक झाली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मर्यादा घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असले, तरी त्या भरवशावर थांबणे शहाणपणाचे नाही. चूक कोणाची हे सिद्ध करण्याच्या फंदात न पडता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये घेण्याचा पर्यायही कलम १६४ मध्ये आहे. पोलिसांनी प्राथमिक अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, त्यामुळे कुटुंबीयांनी पोलीस ठाण्यात त्याची चौकशी जरूर करावी.

राहिला प्रश्न मुदतीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. अनेकदा त्यासोबतचा ओन डॅमेज विमा एकाच वर्षाचा असतो आणि एकाच कागदावर दोन वेगळ्या तारखा छापलेल्या असतात, म्हणून गोंधळ होतो. २०२१ मध्ये घेतलेल्या दुचाकींची ही पाच वर्षे २०२६ मध्ये संपत आहेत. विमा संपल्यावर ९० दिवसांची सवलत मिळते, हा आणखी एक सार्वत्रिक समज. ते ९० दिवस ओन डॅमेज विम्यातील ‘नो क्लेम बोनस’ टिकवण्यासाठी आहेत. त्या काळात थर्ड पार्टी संरक्षण एक दिवसही मिळत नाही. पॉलिसी मध्यरात्री संपली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर आलेली गाडी कायद्याच्या लेखी विनाविमाच असते.